एसीसी : दहा कंपन्यांचे विलीनीकरण ते आजचे मालक, आणि सिमेंटच्या धंद्यातले अंतराचे गणित

मैलकुली :

एसीसीचा, म्हणजे पूर्वीच्या असोसिएटेड सिमेंट कंपनीजचा, इतिहास बहुतेक ठिकाणी टाटांच्या दूरदृष्टीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. उपलब्ध माहिती वाचल्यावर मला तो मुख्यतः मालवाहतुकीच्या खर्चाचा इतिहास वाटतो, आणि त्याच अंगाने चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सिमेंट हा वजनाने जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त माल आहे. एक टन क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारे, दळल्यावर सिमेंट होणारे गोळे) तयार करायला दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते, त्यामुळे कारखाना खाणीला चिकटूनच उभा करावा लागतो. कोळसा दुसरीकडून येतो आणि गिऱ्हाईक तिसरीकडेच असते. या तीन ठिकाणांमधले भाडे ज्याला परवडले तो टिकला.

मद्रासला १९०४ मध्ये शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला, पण तो तग धरू शकला नाही. पुढे टाटांच्या व्यवस्थापनाखालील इंडियन सिमेंट कंपनीने पोरबंदरला कारखाना उभारला आणि १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी जेमतेम हजार टन माल निघाला. पोरबंदरहून मुंबईची बाजारपेठ समुद्रमार्गे सोयीची होती, परंतु कोळसा थेट बंगालकडून आणावा लागे. लगोलग निघालेल्या कटनीच्या कारखान्याची अडचण याच्या नेमकी उलट होती. त्याला कोळसा त्या मानाने जवळ होता, पण ज्या बंदरांच्या शहरांत सिमेंट खपत असे ती शेकडो मैल दूर होती आणि तिथे विलायती सिमेंट जहाजातून उतरून थेट बाजारात जात होते. तिसरा कारखाना किलिक निक्सन या पेढीने बुंदी संस्थानात लाखेरीला काढला. पहिल्या महायुद्धात आयात आटली, सरकारने मिळेल तो माल उचलला, आणि या तिन्ही कारखान्यांचे बालपण सुखात गेले.

युद्धकाळातला नफा पाहून नव्या कंपन्यांची रांग लागली. कैमोर, बानमोर, द्वारका, शहाबाद, जपला आणि पंजाबातले वाह इथे कारखाने उभे राहिले. १९२४ पर्यंत देशातले उत्पादन अडीच लाख टनांच्या पुढे गेले होते, पण कारखान्यांची क्षमता त्याच्या दुपटीच्या आसपास होती. साहजिकच एकमेकांच्या दाराशी जाऊन उत्पादनखर्चापेक्षाही कमी भावात माल विकण्याची चढाओढ सुरू झाली आणि काही कंपन्या अवसायनात निघाल्या. उद्योगाने सरकारकडे संरक्षक जकात मागितली, तेव्हा टॅरिफ बोर्डाने चौकशी करून स्पष्ट सांगितले की मंदीचे मुख्य कारण परदेशी माल नसून तुमचेच जादा उत्पादन आणि आपसातली भावतोड आहे. संरक्षण काही मिळाले नाही.

त्यानंतर उत्पादक टप्प्याटप्प्याने एकत्र आले. १९२५ मध्ये त्यांची संघटना झाली, १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, आणि १९३० मध्ये सर्वांचा माल विकणारी सिमेंट मार्केटिंग कंपनी स्थापन झाली. मात्र प्रत्येक कंपनीचा विक्रीचा कोटा ठरलेला असल्यामुळे दूरच्या कारखान्यालाही आपला वाटा विकावाच लागे आणि एकाचा माल दुसऱ्याच्या अंगणातून रेल्वेने जातच राही. भाड्याची ही उधळपट्टी थांबवायची तर मालकीच एक करायला हवी होती. हे ज्यांनी ओळखले आणि वर्षानुवर्षे वाटाघाटी करून घडवून आणले ते फ्रामरोज एदुलजी दिनशॉ. मुंबईचे वकील आणि सावकारी व्यवहारांतले मुरब्बी गृहस्थ, ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचे आर्थिक सल्लागार. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि स्वतः दिनशॉ अशा चार गटांच्या दहा कंपन्या मिळून १ ऑगस्ट १९३६ रोजी एसीसी अस्तित्वात आली, पण दिनशॉ त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. पहिले अध्यक्ष सर नवरोजी सकलातवाला झाले. टाटांचे नाव पुढे राहिले आणि दिनशॉ मागे पडले, हे मला अन्यायाचे वाटते.

नवशिका :

माहितीपूर्ण लेखन, धन्यवाद. एक शंका विचारतो. दहा कंपन्या एकत्र येतात, माल एकाच दुकानातून विकतात आणि भाव स्वतःच ठरवतात, याला आज आपण सरळसरळ संगनमत म्हणू. आपण त्याला वाहतूक वाचवण्याची योजना म्हणता आहात. घर बांधणाऱ्याला त्या बचतीतले काय मिळाले?

मैलकुली :

शंका रास्त आहे आणि ती त्या काळीही घेतली गेली होती. आक्षेप केवळ शब्दांतच नव्हता. उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांनी एसीसी स्थापन झाल्यावर लगेचच तिच्याविरुद्ध उभे राहण्याचे ठरवले आणि अल्पावधीत दालमियानगर, दालमियापुरम, दादरी, दंडोत आणि कराची अशा एकमेकांपासून लांब लांब ठिकाणी कारखाने काढले. नकाशा पाहिला तर एसीसीच्या प्रत्येक बाजारपेठेच्या बाजूला एक मोहरा ठेवावा तशी ही मांडणी दिसते. भाव कोसळले आणि ग्राहकाचा काही काळ फायदा झाला. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात दोन्ही पक्षांनी तह केला आणि दोघांचाही माल सिमेंट मार्केटिंग कंपनीमार्फत विकला जाऊ लागला. ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतर लवकरच मोडली. तेव्हा संगनमत होते हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की नुसते भाव चढवण्यासाठी सामायिक विक्री कंपनी पुरेशी होती. विलीनीकरणाने जास्तीचे काय साधले असेल तर कोणत्या कारखान्याने कोणत्या भागाला माल द्यायचा हे एका टेबलावर ठरवता आले.

ग्राहकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. काँक्रीट असोसिएशनने इंजिनिअर, कंत्राटदार आणि गवंडी यांना काँक्रीट वापरायला शिकवण्याचे काम मनापासून केले. बांधकामाच्या दोन पिढ्यांनी वाचलेले इंडियन काँक्रीट जर्नल १९२७ पासूनचे आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हलच्या बाजूला तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांत ज्या आरसीसी इमारती उठल्या, त्यांच्यामागे विकणाऱ्याने घेतलेले हे कष्टही आहेत. स्वार्थ होताच, पण शिकवणी खरी होती.

तापलेली भट्टी :

मी सिमेंट कारखान्यात भट्टी विभागात नोकरी केली असल्यामुळे मैलकुली यांच्या मांडणीत एक पुरवणी जोडतो. अंतराइतकाच कोळशाचा हिशेब महत्त्वाचा आहे, आणि त्या बाबतीत एसीसीचे काम इतरांपेक्षा सरस होते.

सुरुवातीचे सगळे कारखाने परदेशी यंत्रांवर चालत. दुसऱ्या महायुद्धात यंत्रे येईनात तेव्हा एसीसीने ती इथेच घडवायला घेतली आणि संपूर्ण देशी बनावटीचा पहिला सिमेंट कारखाना त्या वेळच्या बिहारमधल्या चाईबासाला उभा केला. या प्रयत्नात सुमंत मुळगावकरांचा मोठा वाटा होता. पुण्याच्या लोकांना मुळगावकर म्हटले की टाटांची मोटार कंपनी टेल्को आठवते, परंतु १९४९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणले त्याआधी त्यांची उमेदीची वर्षे सिमेंटमध्ये गेली होती. मोठी यंत्रे देशात बनवता येतात हा विश्वास त्यांना भट्ट्यांच्या पोलादी नळकांड्यांनी दिला असावा, असा माझा तर्क आहे. एसीसीचा यंत्रनिर्मितीचा हा सोस पुढेही टिकला. ब्रिटिश कंपन्यांबरोबर तिने दुर्गापूरला एसीसी व्हिकर्स बॅबकॉक ही बॉयलर बनवणारी कंपनी काढली होती.

दुसरे उदाहरण सिंद्रीचे. तिथल्या खत कारखान्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ टाकाऊ म्हणून बाहेर पडत असे. एसीसीने पन्नाशीच्या दशकात त्याच्या शेजारी कारखाना काढून चुनखडीऐवजी तो गाळ वापरला. चाईबासाला जमशेदपूरच्या झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, वापरून स्लॅग सिमेंट केले. आज ज्याला पर्यावरणपूरक म्हणून मिरवले जाते ते काम तेव्हा निव्वळ काटकसर म्हणून होत होते.

आता भट्टीविषयी. जुने कारखाने ओल्या पद्धतीचे असत. चुनखडी आणि माती पाण्यात दळून तिचा रबडीसारखा घोळ करायचा आणि तो भट्टीत सोडायचा. मिश्रण एकजीव होते, पण त्यातले पाणी उडवण्यासाठीच बराच कोळसा जळतो. एक किलो क्लिंकरला ओल्या पद्धतीत १३०० किलोकॅलरींहून जास्त उष्णता लागते, तर आजच्या चांगल्या कोरड्या भट्टीत ७५० च्या आसपास भागते. कोरड्या पद्धतीत दळलेली पूड सायक्लोनच्या मनोऱ्यातून खाली येताना भट्टीच्याच गरम वायूने तापते, आणि प्रीकॅल्सिनेटर (चुनखडी भट्टीआधीच भाजून घेणारे भांडे) असेल तर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी भट्टीत शिरण्याआधीच निघून जातो. त्यामुळे भट्टीला केवळ १४५० अंशांपर्यंत नेऊन क्लिंकर बांधण्याचे शेवटचे काम उरते आणि तेवढ्याच लांबीच्या भट्टीतून कितीतरी अधिक माल निघतो. प्रीकॅल्सिनेटरचे हे तंत्र भारतात पहिल्यांदा १९७८ मध्ये एसीसीने आणले, आणि १९८२ मध्ये तिने कर्नाटकातल्या वाडीला वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा देशातला पहिला कारखाना सुरू केला. ठाण्याचे तिचे संशोधन केंद्र १९६५ चे. त्या केंद्रात तयार झालेली माणसे पुढे सगळ्या उद्योगात पसरली, हे मी जवळून पाहिले आहे.

इरई काठ :

चर्चा वाचताना एक मोठा कालखंड निसटतो आहे असे वाटले, म्हणून लिहिते. कारखाना चांगला होता, तंत्र चांगले होते, पण सामान्य माणसाला सिमेंट मिळत होते का? माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात चंद्रपूरजवळ घर बांधायला घेतले. घुग्घुसचा एसीसीचा चांदा कारखाना तिथून फार लांब नव्हता, त्याचा धूर दिसत असे. तरीही सिमेंटसाठी परवाना काढावा लागला, अर्जासोबत नकाशा जोडावा लागला, आणि मंजुरी मिळाली ती मागितलेल्या पोत्यांच्या निम्म्याहून कमी. बाकीचे जोते चुन्यात बांधले. कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्याला आणि कारखान्यापासून हजार मैलांवर राहणाऱ्याला सिमेंट सारखेच दुर्मीळ होते.

सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले आणि वेगवेगळ्या रूपांत राहिले. १९५६ मध्ये वितरण स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे गेले. १९६६ मध्ये नियंत्रण उठवून पाहिले, पण दोनच वर्षांत ते परत आणावे लागले. सरकार जो भाव बांधून देई त्यात नवा कारखाना काढणे परवडत नसे, म्हणून क्षमता वाढेना, म्हणून टंचाई हटेना, आणि टंचाई आहे म्हणून नियंत्रण उठवता येईना. महाराष्ट्राने या टंचाईचे राजकीय रूपही पाहिले. बांधकाम व्यावसायिकांना सिमेंटचे वाटप आणि अंतुले यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्या प्रकरणातले खटले पुढे अनेक वर्षे चालले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ फेब्रुवारी १९८२ रोजी, केंद्राने अंशतः नियंत्रण उठवले. एकामुळेच दुसरे झाले असे मी म्हणणार नाही, कारण तेलाच्या दरवाढीनंतर खर्चाचा ताण आधीपासून वाढत होता. परंतु पोत्यावर मुख्यमंत्रिपद जाऊ शकते हे दिसल्यावर नियंत्रणाचा बचाव करणारे कमी झाले असणार.

मैलकुली :

इरई काठ, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मांडणीतला मधला दुवा जागेवर बसला. वितरण सरकारकडे गेले त्याच वर्षी, १९५६ मध्ये, भाड्याचे समानीकरणही आले. म्हणजे कारखान्यापासून गिऱ्हाइकाचे अंतर कितीही असो, रेल्वे स्थानकापर्यंत पोचता भाव देशभर एकच, आणि भाड्याचा फरक एका सामायिक निधीतून भागवायचा. दूरच्या आणि डोंगराळ भागांना न्याय मिळावा हा हेतू चांगला होता. पण परिणाम पाहा. ज्या कंपनीचा जन्म भाडे वाचवण्यासाठी झाला होता, तिला जवळपास तेहतीस वर्षे भाडे वाचवण्याचे कारणच उरले नाही. कारखाना बाजारपेठेजवळ आहे की लांब, याने मालकाच्या नफ्यात फरक पडेना.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा मुद्दा अधिक ठळक होतो. मुंबई, पुणे, नाशिक हा सारा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे आणि तिथे कारखान्याजोगी चुनखडी नाही. चुनखडी आहे ती एकीकडे चंद्रपूर-यवतमाळमध्ये आणि दुसरीकडे सोलापूरच्या पलीकडे शहाबाद-वाडीला. आपल्या घरांतली शहाबादी फरशी आणि वाडीचे सिमेंट एकाच भीमा खोऱ्यातल्या खडकातून निघतात, आणि दोन्ही एकाच रेल्वेमार्गाने मुंबईकडे येत आले. तिसरा स्रोत म्हणजे सौराष्ट्राचा किनारा, जिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली. भाड्याच्या समानीकरणामुळे या तिघांतली तुलनाच थांबली होती.

तापलेली भट्टी :

थोडी असहमती नोंदवतो. भाडे वाचवण्याचे कारण नसले तरी कोळसा वाचवण्याचे होते, कारण बांधलेल्या भावात उरणारा नफा तेवढ्यानेच वाढत असे. वाडी त्यातूनच उभी राहिली. मात्र त्याच वेळी एसीसीच्या पदरी जुने, लहान, ओल्या पद्धतीचे इतके कारखाने होते की एक वाडी उभी करूनही सरासरी सुधारायला वेळ लागला. ऐंशीच्या दशकात नव्याने आलेल्यांनी सुरुवातच दहा लाख टनांच्या कोरड्या भट्टीने केली. आमच्याकडे जुन्या वसाहती, शाळा, दवाखाने आणि तीन पिढ्यांचे कामगार होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण खर्चाच्या रकान्यात ते दिसत.

भागधारक :

पुढचा भाग मी लिहितो, कारण या काळात माझे पैसे या समभागात होते.

१९८२ च्या निर्णयाने जुन्या कारखान्यांना ६६.६ टक्के माल सरकारी भावाने द्यावा लागत होता आणि नव्यांना ५० टक्के. उरलेला खुल्या बाजारात विकता येई. ही सवलत नव्यांच्या बाजूने झुकलेली होती आणि एसीसी जवळजवळ सगळी जुन्यांत मोडत होती. १ मार्च १९८९ पासून नियंत्रण पूर्ण उठले आणि भाड्याचे समानीकरणही गेले. म्हणजे मैलकुली म्हणतात ते अंतर एका रात्रीत परत आले.

त्याचा अर्थ सर्वांत आधी नरोत्तम सेखसरिया यांच्या गुजरात अंबुजाला कळला. त्यांनी सौराष्ट्रात कोडिनारजवळ १९८६ च्या सुमारास उत्पादन सुरू केले, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचा धक्का आणि जहाजे उभारून सुटे सिमेंट समुद्रमार्गे मुंबईच्या परिसरात आणायला लागले. पोरबंदरच्या कारखान्याने १९१४ मध्ये जे भौगोलिक वरदान ओळखले होते ते पाऊणशे वर्षांनी दुसऱ्याच कंपनीने वसूल केले. एसीसी तेव्हा स्वस्थ बसली होती असे नाही. मुंबईत तयार काँक्रीटचा व्यवसाय तिने लवकर सुरू केला आणि कैमोर, जामूल इथे स्वतःची वीजकेंद्रे उभारली. परंतु नानी पालखीवालांसारखा कायदेपंडित दीर्घकाळ अध्यक्ष असलेल्या या कंपनीची शान जितकी होती, तितकी बाजारातली चपळाई नव्हती. चर्चगेटच्या सिमेंट हाउसमधल्या वार्षिक सभांना मी जात असे आणि भाषण उत्तम असे.

टाटांचा हिस्सा मुळात १४ टक्क्यांच्या आसपासच होता. १९९९-२००० मध्ये त्यांनी तो अंबुजा गटाला विकला. नंतर २००५ मध्ये स्वित्झर्लंडची होल्सिम आली, १ सप्टेंबर २००६ पासून कंपनीचे नाव अधिकृतपणे एसीसी लिमिटेड झाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अंबुजा व एसीसी दोन्ही अदानी समूहाकडे गेल्या.

नवशिका :

टाटांनी विकायला नको होते, असे अनेकदा वाचनात येते. आपले मत काय? आणि मैलकुली, फाळणीत कंपनीचे काय झाले, तो भाग राहिला.

मैलकुली :

फाळणीत वाह आणि सिंधमधल्या रोहरीचे कारखाने पाकिस्तानच्या हद्दीत राहिले. सत्तरच्या दशकात भुट्टोंच्या राजवटीत तिथल्या सिमेंट उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ‘असोसिएटेड सिमेंट’ हे नाव त्या कारखान्यांना नंतरही चिकटून होते. वाहच्या जाण्याने पंजाब आणि दिल्लीकडचा हक्काचा पुरवठा तुटला. भाक्रा धरणासारखी कामे त्याच भागात निघत असल्यामुळे उत्तरेकडे नवी जुळवाजुळव करावी लागली. दिल्लीत ओखल्याला १९५६ मध्ये एसीसीने सुट्या सिमेंटचे आगार काढले.

विक्रीच्या प्रश्नावर भागधारक यांनी लिहावे.

भागधारक :

टाटांनी विकले ते योग्यच केले, असे माझे मत आहे. पोलाद, मोटारी आणि सॉफ्टवेअर यांना पैसा हवा असताना १४ टक्क्यांच्या बळावर नियंत्रण टिकवण्यासाठी ते एसीसीत किती भर घालणार होते? आजच्या मालकाने, म्हणजे अदानी समूहाने, मात्र काय विकत घेतले ते पाहावे. राखेचे सिमेंट करायचे तर औष्णिक वीजकेंद्राच्या जवळ दळणकेंद्र हवे, म्हणजे क्लिंकर तेवढे लांबून आणायचे आणि ३५ टक्क्यांपर्यंत राख तिथल्या तिथे मिसळायची. ज्या समूहाकडे बंदरे, कोळसा आणि वीजकेंद्रे तिन्ही आहेत त्याच्या हिशेबात एसीसीच्या खाणींची किंमत इतरांपेक्षा जास्त निघणारच.

तापलेली भट्टी :

खाणींबद्दल एक दुरुस्तीवजा भर. जुन्या कारखान्यांच्या खाणींतली वरची, उच्च प्रतीची चुनखडी बरीचशी उचलली गेली आहे. कटनी-कैमोर पट्ट्यात आणि वाडीतही आता वेगवेगळ्या थरांचा दगड मिसळून रासायनिक प्रमाण जुळवावे लागते. त्यामुळे किंमत काढताना नुसते टन मोजून चालणार नाही, त्यात चुन्याचे प्रमाण किती उरले आहे हेही विचारावे.